नवीन टायर पुढे नाही, मागे टाका

'फ्रंट व्हील ड्राईव्ह गाडीला दोनच नवीन टायर घेताय? मग पुढेच टाका. इंजिन पुढे, ब्रेकचा जोर पुढे, मागचे टायर नुसते फरफटत येतात, आणि एबीएस असेल तर मागचं घसरतच नाही.' पाऊस लागला की हा मेसेज ग्रुपवर फिरायला लागतो. (फ्रंट व्हील ड्राईव्ह म्हणजे इंजिन पुढची चाकं फिरवतं ती गाडी; एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा.) यंदा तो चिपळूणला ताईकडे पोचला आणि भावोजींनी खरंच नवी जोडी पुढे नि झिजलेली मागे टाकून घेतली. त्याच गाडीतून पोरांना घेऊन कुंभार्ली घाटातून कराडला जायचंय, म्हणून हे लिहितोय.

'नुसते फरफटत येतात' हे सगळ्यात घातक. अहो, वळणावर गाडीचं मागचं अंग धरून कोण ठेवतं? तेच टायर ना? नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिमी खोल असते, ती पाणी बाहेर फेकते. झिजून 2-3 मिमी उरली की जोराच्या पावसात टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो. हे पुढे झालं तर स्टेअरिंग हलकं लागतं, गाडी वळायचं सोडून सरळ जाते, ते हाताला लगेच कळतं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की वेग उतरतो आणि बहुतेक वेळा पकड परत येते. मागे झालं तर हाताला काहीच कळत नाही. पुढची पकड मस्त म्हणून तुम्ही वेगात वळणात शिरता, उतारावर वजन आधीच पुढे आलेलं, त्यात घाबरून पाय काढला की मागचं आणखी हलकं होतं आणि गाडी गर्रकन फिरते. मग समोरचा ट्रक नाहीतर दरी. अशी गाडी स्टेअरिंग उलटं मारून सावरणं आपल्यापैकी किती जणांना जमेल?

हे माझ्या मनाचं नाही. मिशेलिन ही टायर बनवणारी कंपनीच सांगते की ड्राईव्ह कुठलीही असो, नवी जोडी मागे, आणि ओल्या ट्रॅकवर गाड्या चालवून त्यांनी ते दाखवलंय. जोडी पुढे गेली काय नि मागे गेली काय, त्यांना पैसे तेवढेच मिळणार.

ब्रेकचा जोर पुढे जास्त येतो आणि पुढचे टायर लवकर झिजतात, हे खरंय. घराकडच्या शेवाळलेल्या जांभ्याच्या चढणीवर पुढचे गुळगुळीत टायर जागच्या जागी फिरतात, तेही मान्य. पण तिथे गाडी अडकते, जीव जात नाही. आणि इतके गुळगुळीत असतील तर चारही बदला ना, 1.6 मिमी ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे, कोकणातल्या पावसात तिथवर थांबायचं नसतं.

एबीएसचं तर साफ खोटं. तो ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ देत नाही, बस. ब्रेक न लावताच वळणात मागचं सुटलं तर तो काय करणार?

ज्यांनी आधीच पुढे टाकलेत त्यांनी टायरवाल्याकडे जाऊन पुढचे मागे करून घ्या. टायरवर दिशेचा बाण असेल तर डावा-उजवा बदलू नका, आणि हवा परत चेक करा, बऱ्याच गाड्यांना पुढचं नि मागचं प्रेशर वेगळं लागतं.