बियांच्या पाकिटावर तारीख छापायला काय जातं तुमचं?

डोकं फिरलंय आज माझं. २१ दिवस झाले, रोज सकाळी चहा टाकायच्या आधी त्या ट्रेपाशी जाऊन वाकून बघतेय आज तरी काही वर आलंय का, आणि ५० खणांच्या ट्रेमध्ये आलं किती तर चार. चार! टोमॅटोला २१ दिवस लागत नाहीत हो, आपल्याकडच्या हवेत आठवड्याभरात उगवतो तो.

आणि घरात लावायची काही हौस नव्हती मला. गॅलरीत लावलं असतं तर पावसाने ट्रे धुऊन नेला असता, उरलेलं कबुतरांनी उकरलं असतं, ग्रिल असूनही आत घुसतात मेली. म्हणून हॉलच्या खिडकीत. पहिल्यांदाच करतेय म्हणून सगळं विचारून विचारून केलं, कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट भिजवली, दोनदा धुतली, गांडूळखत मिसळलं, एकेका खणात एकेक दाणा मोजून टाकला, वर जेमतेम झाकेल एवढंच कोकोपीट. विकणाऱ्याला मेसेज केला तर दोन मिनिटांत उत्तर, "मॅडम पाणी जास्त झालं असेल." फोटो मागितला नाही, कधी लावलं विचारलं नाही, काही नाही. आणि मी आठवडाभर स्वतःलाच दोष देत बसले ना, याचा सगळ्यात जास्त राग येतोय.

शेवटी मामाला फोन केला. तो नारायणगावच्या बाजूचा, सगळी हयात टोमॅटोत गेली त्याची. म्हणाला, पाकीट वाच आधी. काय वाचू? झिप पाऊच आहे, पुढे लालभडक चेरी टोमॅटोचा फोटो, वर 'बेस्ट क्वालिटी', आणि मागची बाजू कोरी. लॉट नंबर नाही, तपासणीची तारीख नाही, वापरायची मुदत नाही, किती टक्के उगवेल ते नाही. मामाच्या पाकिटावर हे सगळं असतं. १९६६ पासून बियाणे कायदा आहे आपल्याकडे, टोमॅटोच्या प्रमाणित बियाण्याची उगवण कमीत कमी ७० टक्के पाहिजे, मिरचीची ६०. मग आम्ही गॅलरीवाले दहा-वीस दाणे घेतो म्हणून आम्हाला काय वाट्टेल ते द्यायचं? बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर तारीख असते!

मामा म्हणाला, दहा दाणे ओल्या फडक्यात ठेवून बघ. ठेवले. शेजारच्या डब्यात भाजीवाल्याकडच्या साध्या टोमॅटोतले दहा, गर धुऊन वाळवलेले. पाणी तेच, जागा तीच, दोन्ही डबे फ्रीजवर. सहाव्या दिवशी उघडलं तर भाजीवाल्याच्या दहातल्या आठांना पांढरी शेपटी फुटलेली आणि पाऊचवाल्यातला एक. बाकीचे नऊ बोटाने दाबले तर मऊ, आत काहीच नाही. पाणी जास्त झालं म्हणे!

आता त्या चार रोपांचं सांगते. व्हिडिओवाले सगळे एकसुरात सांगतात, खिडकीत ठेवा, ब्राइट लाइट पुरतो. अरे पावसाळ्यातली खिडकी आहे ती, दिवसदिवस आभाळ काळं असतं, समोर दुसरी बिल्डिंग. रोपं उजेडाकडे मान काढून वीतभर उंच गेली, दोऱ्यासारखी बारीक, धड उभी राहीनात. आणि वर "रोज स्प्रे करा, ओलावा टिकवा". केला. एका सकाळी बघते तर तीन आडवी. पानं हिरवीगार, टवटवीत, पण कोकोपीटच्या अगदी लगत देठ पाणचट तपकिरी होऊन चिमटीत धरून पिळल्यासारखा झालेला. रोपं कोलमडणं म्हणतात त्याला, बुरशी असते, सतत ओल आणि कोंदट हवा मिळाली की एका रात्रीत आडवं करते. नर्सरीवाल्याला हे तोंडपाठ असतं, ज्याच्या चॅनेलला लाखांनी लोक बघतात त्याला एक वाक्य सांगता येत नाही? की बाबांनो वरचं कोकोपीट सुकल्याशिवाय पाणी घालू नका, खालून पाणी द्या, पंखा हळू सोडा, आणि कोंब वर आला की त्याच दिवशी एलईडी ट्यूबखाली ठेवा, वीतभर अंतरावर, १४-१५ तास. हे मला कुठून कळलं तर तीन रोपं मेल्यावर मामाकडून.

माझी मुलगी पाच वर्षांची आहे. त्या चारांना तिने नावं ठेवली होती. शाळेतून आल्यावर दप्तर न काढता आधी खिडकीत जायची. त्या दिवशी तिला काय सांगायचं ते सुचेना मला.

भाजीवाल्याचे आठ दाणे लावलेत आता ट्यूबखाली. पाऊच आणि बिल मात्र टाकलेलं नाही, मामाने बजावलंय जपून ठेव म्हणून. विकणाऱ्याला दोनच प्रश्न पाठवलेत, या बियांची तपासणी कधी झाली आणि उगवण किती टक्के. परवापासून निळ्या टिका दिसतायत. उत्तर नाही.