रस्ता आहे, पण चाकं चालतील असा हवा ना!

कॅलिफोर्नियातल्या स्केटबोर्डच्या कारखान्यांची आणि दुकानांची सफर घडवणारा तुमचा लेख आवडला, पण स्केटबोर्डिंगला 'एक बोर्ड आणि समोर रस्ता, बस्स' हे त्यातलं वाक्य अजिबात पटलं नाही. १९७०च्या दशकात पॉलियुरेथेनची, म्हणजे एका चिवट, लवचिक प्लास्टिकची चाकं आली म्हणून तर हा खेळ वाढला. त्याआधीची मातीची चाकं बारीकशा खड्यालाही अडायची. म्हणजे चाक आणि जमीन हाच मूळ मुद्दा आहे. आमच्या दादरला पेव्हर ब्लॉकच्या फटीत ९९एची (हे चाकाच्या कडकपणाचं माप; आकडा जितका मोठा, तितकं चाक कडक) कडक चाकं अडकली की मूल थेट तोंडावर आपटतं. माझी मुलगी ७८एची मऊ चाकं लावते. त्यांवर रस्ता निभतो, पण उड्या-कसरतींना ती जड पडतात. सोसायटीच्या गुळगुळीत पार्किंगमध्ये गेली, तर वॉचमन शिट्टी मारतो.

आणि पावसाळा? मेपलच्या ७ थरांचा बोर्ड ओल धरतो, त्याची उसळी जाते, बेअरिंग गंजतात. टोकियो ऑलिम्पिकमध्ये जपानच्या मोमिजी निशियाने १३व्या वर्षी स्केटबोर्डिंगचं सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून आमच्या इमारतीतल्या मुलीही बोर्ड मागतायत. त्यांना महागड्या ब्रँडच्या आधी उड्डाणपुलाखालची छप्पर असलेली, सपाट काँक्रीटची जागा द्या. अशा जागा मुंबईत कितीतरी आहेत, आणि बहुतेक ठिकाणी गाड्या लावलेल्या असतात.