रात्रीची लाईन, हरभरा आणि वेल्सचे तिघं

या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाईन आहे. म्हणजे अकराला शेतात जायचं, मोटर चालू करायची आणि हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाईप बदलत पहाट करायची. डुकरांसाठी हातात बॅटरी. इअरफोन एकाच कानात, कारण मोटरचा आवाज बदलला तर दुसऱ्या कानाला कळला पाहिजे.

अशाच एका रात्री मोबाईलनं आपल्या मनानं यंग मार्बल जायंट्स नावाचा एक बँड लावला. मला वाटलं, नेट अडकलं. टक-टक-टक, एक बेस, हाताखाली दाबून वाजवलेली गिटार, एक बाई. बस. बाकीचे वादक येतील येतील म्हणून वाट पाहिली, गाणं संपलं तरी आले नाहीत. नोझलची टकटक कोणती आणि त्यांची कोणती, हे बराच वेळ कळेना.

मग रोज तेच ऐकत बसलो आणि मिळेल ते वाचत गेलो. 1978 मध्ये वेल्सच्या कार्डिफ शहरात हे तिघं जमले. स्टुअर्ट आणि फिलिप मॉक्सम हे सख्खे भाऊ, आणि ॲलिसन स्टॅटन. ढोल वाजवणारा कोणी नाही. नात्यातल्या एका भावानं घरीच जुळवलेल्या यंत्रावरचा ठेका कॅसेटवर भरून घेतलेला, तीच कॅसेट स्टेजवर लावायची आणि तिच्यासोबत वाजवायचं. पाच दिवसांत अल्बम रेकॉर्ड केला. लंडनच्या रफ ट्रेड या स्वतंत्र कंपनीनं तो 1980 मध्ये काढला, नाव कलॉसल यूथ. त्याच वर्षी अणुयुद्धावरचं एक गाणं आलं. दोन मिनिटंही भरत नाही ते, आणि त्यात एकच बारीक सूर सुईसारखा शेवटपर्यंत टोचत राहतो. अमेरिकेत कार्यक्रम झाले आणि लगेच बँड फुटला. ॲलिसन पुढे मणक्याचे उपचार करू लागली. कित्येक वर्षांनी ‘निर्वाणा’ या गाजलेल्या अमेरिकन बँडच्या कर्ट कोबेननं आपल्या आवडत्या अल्बमांच्या यादीत हा अल्बम लिहिला, तेव्हा जगाला पुन्हा जाग आली.

कोणी याला पोस्ट-पंक म्हणतो, कोणी आर्ट पॉप. मला त्यात पडायचं नाही. मला राग येतो तो ‘एकच अल्बम काढून संपले बिचारे’ या सुराचा. बिचारे कशाचे? आपल्याकडे चाळीस वर्षं तीच ती दहा गाणी वाजवणारे ऑर्केस्ट्रे आहेत, त्यांना कोणी बिचारं म्हणत नाही.

पण दुसऱ्या टोकाचं कौतुकही मला पटत नाही, की लवकर फुटले म्हणूनच ते सुंदर राहिले. फुटणं काही सुंदर नसतं. घरात दोन भाऊ बोलेनासे झाले की काय होतं, ते धुऱ्यावरून भांडणाऱ्या कोणत्याही गावाला विचारा. बहुतेक गाणी स्टुअर्टची, गायचंही त्यालाच होतं. फिलिप अडून बसला, की ॲलिसन असेल तरच मी. म्हणजे आज लोक ज्या आवाजासाठी हा अल्बम ऐकतात, तो आवाज लिहिणाऱ्याला नकोच होता. स्टुअर्टनंच पुढे सांगितलं, की ती गायिका नव्हेच, बस स्टॉपवर उभं राहून गुणगुणावं तसं गाते.

हे वाचलं आणि मी पाईप बदलायचाच विसरलो. अर्ध्या वावरात तळं.

कारण 2013 मध्ये आमचाही एक बँड होता. मी कॅसिओवर, मित्र गिटारवर, त्याची बहीण गायला. तबलजी परवडत नव्हता म्हणून मोबाईलमधला ठेका वायरीनं मिक्सरला जोडायचो. मध्येच घरून फोन आला की ठेका बंद आणि मंडपभर रिंगटोन. गाणी आमची आम्हीच केलेली: आठची एसटी न येण्यावर एक, सोयाबीनच्या ओलाव्यावर एक. आडत्या ओलावा दाखवून भाव पाडतो ना, त्यावर. गणपतीत दोन कार्यक्रम, शारदोत्सवात एक, एका साक्षगंधात एक. चार कार्यक्रमांत कारकीर्द आटोपली. साक्षगंधात तर नवऱ्या मुलाचा मामाच स्टेजवर आला, “काहून बे, डीजे नाही आणला काय?”

लोकांमुळे बँड फुटला असं मी दहा वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. मित्राची बहीण सपाट गायची. ना मुरकी, ना हरकत, डोळेही मिटायची नाही. समोर पाहून शब्द सांगितल्यासारखं गायची. मला ते खुपायचं. गोठ्यामागच्या खोलीत तालीम चालायची, तिथे मी तिला मोबाईलवर मोठमोठ्या गायिका ऐकवायचो. “असं म्हण ना, असं.” तिनं महिनाभर प्रयत्न केला. मग एक दिवस आलीच नाही. मित्र म्हणाला, “भाऊ, तिले जमत नाही म्हणते ते. अन् मलेबी नाही जमत आता.” मी त्याला अडवलंही नाही. बरंच वाटलं होतं खरं म्हणजे.

जुन्या मेमरी कार्डात एसटीच्या गाण्याची एक तालीम सापडली. मागे गाय हंबरते, ठेका मोबाईलचा, कॅसिओवर मी नको तिथे बोटं घालतोय. आणि ती मात्र जशीच्या तशी, शांत, बसची वाट पाहणाऱ्या माणसाच्या आवाजात. एसटीच्या गाण्यातल्या बाईला वाट पाहण्याशिवाय दुसरं काय करायचं असतं?

परवा तिला यंग मार्बल जायंट्सची लिंक पाठवली. सोबत सॉरी लिहिलं होतं, ते पुसलं, पुन्हा लिहिलं. तिच्याकडे अंगणवाडी आहे, दोन मुलं आहेत. दुसऱ्या दिवशी व्हॉइस मेसेज आला, मागे कुकरची शिट्टी.

“ऐकलं भाऊ. हे बाई तं भाजी निवडता निवडता गाते वाटते. चांगली गाते पण. तिले कोणी काही म्हणलं नाही काय?”