'सेट' म्हणजे बसवणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, कळकळीने लिहिलीय म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की 'सेट' हा इंग्रजीतला सगळ्यात जास्त अर्थांचा शब्द असं मी माझ्या लेखात लिहिलं ते आता खरं नाही; एका शब्दाला चारशे अर्थ हे त्या भाषेचं दारिद्र्य, तिथे सूर्य, दही, हाड सगळंच 'सेट' होतं, आपल्याकडे सूर्य मावळतो, दही लागतं, हाड बसतं, प्रत्येक गोष्टीला आपापला शब्द; आणि गोव्यात मराठीची काळजी करायची सोडून इंग्रजीचं कौतुक कशाला.

पहिलं एकदम मान्य, चूक माझी. १९८९ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाची २० खंडांची दुसरी आवृत्ती आली त्यात सेट या क्रियापदाचे ४३० अर्थ होते, नुसती ती एक नोंद साठेक हजार शब्दांची. मी तेच धरून बसले. नंतर नव्या आवृत्तीच्या कामात 'रन' (धावणे) हा शब्द पुढे गेला, त्याचे ६४५ झाले. लेखात दुरुस्ती केलीय. फक्त एक लक्षात घ्या, ह्या आकड्यांत सेट अप, सेट आउट, सेट ऑफ असले जोडप्रयोगही धरलेले असतात, म्हणजे आकडा अर्थांचा आहे तितकाच मोजणाऱ्याच्या चिकाटीचाही आहे.

पण दारिद्र्य? इथे मी तुमच्याशी भांडणार.

तुम्हीच दिलेलं उदाहरण घेऊ. हाड बसतं. इंग्रजीत डॉक्टर हाड सेट करतो, आपल्याकडे हाडवैद्य हाड बसवतो. सोनार अंगठीत खडा सेट करतो, बसवतो. अहो हा योगायोग नाहीच, सेट हा शब्द मुळात सिट या शब्दाचं प्रयोजक रूप आहे, सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे बसवणे, जुन्या इंग्रजीत सित्तन आणि सेत्तन अशी जोडी होती. असल्या जोड्या इंग्रजीत अजून सापडतात, फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे पाडणे (झाड पाडतात ते), राइझ आणि रेझ, लाय आणि ले, आणि माझी सगळ्यात आवडती म्हणजे ड्रिंक आणि ड्रेंच, पिणे आणि पाजणे! आज ड्रेंच म्हणजे चिंब भिजवणे झालंय पण मूळ अर्थ पाजणे हाच. पडणे-पाडणे, मरणे-मारणे करताना आपण आतला स्वर बदलतो, तेही तेच करतात.

आता सूर्य. शिकवणीतल्या सातवीच्या एका मुलाने 'द सन सेट' याचं मराठी 'सूर्य ठेवला' असं केलं होतं, बाकीचे हसले. त्याला शब्दाच्या अर्थांची यादी पाठ करायला लावलेली, यादीत पहिला अर्थ 'ठेवणे', त्याने तो लावला, त्याचं काय चुकलं? मी त्याला विचारलं, आवाज बसतो म्हणजे काय होतं? खाली जातो. गाळ कुठे बसतो? तळाला. कुणाचा धंदा बसला म्हणजे? बुडाला. मग सूर्य बसला तर? तो लगेच म्हणाला, बुडाला! त्याच्या घरच्या कोकणीत सूर्य बुडतोच. सिमेंट सेट होतं तेही असंच, हलणारं ते जागेवर बसतं. एकदा ही बसण्याची जागा सापडली की यादी पाठ करावी लागत नाही, हे माझं सगळं म्हणणं होतं, कदाचित मूळ लेखात ते नीट उतरलं नाही.

आणि आपल्या बसण्याचे अर्थ कुणी मोजलेत का कधी? धक्का बसतो, चटका बसतो, मार बसतो, विश्वास बसतो, वचक बसतो, जम बसतो, ब्लाउज अंगावर बसतो, भाजीवाली म्हणते तीस रुपये बसतील, आणि कुणी उगाच रडत बसतो तेव्हा तो उभा असला तरी बसतोच. चवथीला माटोळीखाली (फळं-पानं बांधून वर टांगलेल्या चौकटीखाली) गणपती बसतो. जत्रेचं नाटक आपण दोन महिने आधीपासून बसवतो, नाटक बसवणे, गाणं बसवणे, ह्याला इंग्रजीत सेट चालणार नाही, तिथे दुसरा शब्द लागतो, म्हणजे ह्या जागी आपण एका शब्दावर भागवलंय आणि त्यांनी नाही. मग दरिद्री कोण? कुणीच नाही हो. जो शब्द रोज हजारदा वापरला जातो त्याला फांद्या फुटतातच.

हां, भांड्यांचा सेट, टेनिसचा सेट, गणितातला संच, हे ह्यात बसत नाहीत अशी शंका तुम्ही काढलीय ती बरोबर आहे. संच या अर्थाचा सेट वेगळ्याच घरचा, जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिन 'सेक्ता' म्हणजे पंथ, अनुयायांचा गट. दोन वेगळे शब्द उच्चाराने एक झाले आणि पुढे एकमेकांत मिसळले. स्टेजवरचा सेट मात्र पहिल्या घरचा, लावलेला-मांडलेला म्हणून.

राहिला गोव्याचा आणि मराठीचा मुद्दा. इंग्रजी सिट आणि संस्कृत सद् एकाच मुळाचे आहेत, सदन, सभासद, उपनिषद ह्या सगळ्यांत तेच बसणं आहे. (आपलं 'बसणे' मात्र उपविश् वरून, बैसणे, मग बसणे.) आणि हे नातं ओळखणाऱ्या पहिल्या काही लोकांतला एक माणूस आपल्या गोव्यातला होता, हे मला फार मोलाचं वाटतं. थॉमस स्टीफन्स, इंग्रज पाद्री, १५७९ला इथे आला, गोव्यातल्या साष्टी तालुक्यात आयुष्य काढलं, मराठीत हजारो ओव्या रचल्या. १५८३ साली त्याने भावाला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. कलकत्त्यात विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने संस्कृतबद्दल तसं जाहीर म्हटलं ते १७८६ला, म्हणजे दोनशे वर्षांनी! स्टीफन्सला आपली भाषा शिकताना स्वतःची विसरावी लागली नव्हती. माझ्या शिकवणीतली मुलं इंग्रजी शब्द मराठीतून आणि कोकणीतून समजून घेतात, तेव्हा त्यांची मराठी कमी होत नाही, उलट 'बसणे' ह्या शब्दाकडे त्यांनी आधी कधी बघितलेलंच नसतं.

तुम्ही 'दही लागतं' लिहिलंय ना, ते डोक्यात राहिलंय. भूक लागते, आग लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, बस लागते, फणस लागतात. ह्याच्यावर पुढचा लेख लिहायला घेतलाय, तुमच्याकडचे आणखी प्रयोग असतील तर पाठवा, विशेषतः पेडणे-सत्तरीकडचे, ते माझ्याकडे अगदीच कमी आहेत.