'गेल्या जन्मीचं पाप' : एका फॉरवर्डला उत्तर

माझ्या मावसबहिणीचं बाळ अकराव्या दिवशी गेलं. हृदयात जन्मतःच दोष होता. तीन दिवसांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी सांत्वन म्हणून एक मजकूर पाठवला. तुमच्यापैकी अनेकांकडे तो येऊन गेला असेल: "हिंदू आणि बौद्ध, दोन्ही धर्म एकच सांगतात. आज वाट्याला आलेलं सगळं दुःख म्हणजे गेल्या जन्मीच्या पापाचं फळ. आत्मा तोच, फक्त देह बदलतो. बुद्धांनी देव तेवढा काढला, बाकी सगळं तेच ठेवलं. भोग भोगूनच संपतात, मध्ये पडू नका."

रात्री तिचा फोन आला. "ताई, अकरा दिवसांच्या जिवाने काय गं पाप केलं असेल?" मला काही बोलता आलं नाही. तो मजकूर ओळीओळीने खोडून काढायचा, असं मी त्याच रात्री ठरवलं.

"सगळं दुःख गेल्या जन्मीच्या पापाचं फळ." या वाक्यातला 'सगळं' हाच शब्द खोटा आहे. नेमका हाच प्रश्न मोळिय सिवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारला होता. संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात तो संवाद आहे. माणसाला जे सुख, दुःख किंवा मधलं काही जाणवतं, ते सगळं पूर्वी केलेल्यामुळेच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपण काय म्हणता? बुद्ध कारणं मोजून दाखवतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा संनिपात, ऋतूतला बदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात आणि आठवं कर्मविपाक, म्हणजे केलेल्या कर्माचं फळ. आठांतलं एक! आणि जे सगळं पूर्वकर्मावर ढकलतात ते स्वतःला कळणाऱ्या आणि जगाने मान्य केलेल्या गोष्टींच्याही पलीकडे धावतात, त्यांचं म्हणणं चूक आहे, असं ते स्वच्छ सांगतात.

अंगुत्तर निकायात तर 'सगळं पूर्वकर्माने', 'सगळं ईश्वराने निर्मिलेलं' आणि 'सगळं अकारण' ही तीन मतं एका रांगेत उभी करून तिन्ही नाकारली आहेत. कारण तिन्हींत एकच खोट आहे. ती मानली की हे करावं आणि ते करू नये, असं म्हणायला जागाच उरत नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, ती लपवून उत्तर देणं मला पटत नाही. मज्झिम निकायात सुभ नावाचा तरुण विचारतो की कुणी अल्पायुषी, कुणी दीर्घायुषी, कुणी रोगी, कुणी निरोगी, असं का? तिथे बुद्ध कर्माचंच उत्तर देतात. हिंसा करणारा पुढे माणूस म्हणून जन्मला तर अल्पायुषी होतो, असं तिथे स्पष्ट आहे. जातककथा आणि अट्ठकथांमध्ये, म्हणजे जुन्या पाली भाष्यांमध्ये, तर मागच्या जन्मांचे हिशेब पानोपानी आहेत. पण पावसाने अंगण ओलं होतं, म्हणून ओलं दिसलेलं प्रत्येक अंगण पावसानेच भिजलं असं होत नाही. शिवाय अंगुत्तर निकायातच चार गोष्टी 'अचिंत्य' म्हणून सांगितल्या आहेत. त्यांच्या मागे लागणाऱ्याच्या पदरी वेड आणि क्लेश येतात. त्यांपैकी एक आहे कर्मविपाक. म्हणजे बाळ गेलेल्या आईला 'कोणत्या पापाचं फळ' हे शोधायला लावणं, हे बुद्धवचनानेच वर्ज्य ठरवलेलं काम आहे.

हिंदू परंपरेत पूर्वकर्माचं वजन नक्कीच जास्त आहे. तरी तिथेही सगळेच इतकं सोपं बोललेले नाहीत. बृहदारण्यक उपनिषदात आर्तभाग याज्ञवल्क्यांना विचारतो की माणूस मेला, त्याची वाणी अग्नीत, प्राण वायूत, डोळे सूर्यात गेले, मग तो स्वतः कुठे असतो? याज्ञवल्क्य म्हणतात, "हात दे बाळा, हे आपण दोघांनीच जाणून घ्यायचं, लोकांत बोलायचं नाही." दोघं बाजूला जातात आणि जे बोलतात ते कर्माबद्दल. भर सभेतून उठून हलक्या आवाजात बोललेली ती गोष्ट आपण दीडशे जणांच्या ग्रुपवर फेकतो, एका बाळंतिणीच्या डोळ्यांसमोर.

चरकसंहितेचा वैद्य याहून रोखठोक आहे. आयुष्य सगळं आधीच ठरलेलं असेल तर औषधं, पथ्यं, शांतिकर्मं यांना अर्थच काय, असा मुद्दा तिच्या विमानस्थान या भागात येतो. दैव आणि पुरुषकार, म्हणजे मागचं केलेलं आणि आत्ताचं केलेलं, या दोन्हींवर आयुष्य अवलंबून असतं, हे तिथलं उत्तर. दैव दुबळं असेल तर पुरुषकार त्याला मागे सारतो, असंही तिथेच म्हटलं आहे.

मात्र छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायातलं ते वाक्यही डोळ्यांआड करता येत नाही. चांगल्या आचरणाचे ब्राह्मण-क्षत्रिय-वैश्यांच्या योनीत जातात आणि वाईट आचरणाचे कुत्रा, डुक्कर किंवा चांडाळाच्या. जन्माने वाट्याला आलेली अवहेलना पापाची शिक्षा ठरवायला अशाच वाक्यांचा आधार मिळाला. डॉ. आंबेडकरांनी नेमकं यावर बोट ठेवलं. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते म्हणतात की गरीब आणि दलितांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, याखेरीज गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताचा दुसरा हेतू दिसत नाही. परंपरेतले सगळे बौद्ध त्यांचा अर्थ स्वीकारत नाहीत, हे खरं. पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने 'दोन्ही धर्म एकच सांगतात' म्हणताना, १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरात लाखोंनी धम्म का स्वीकारला, एवढा तरी विचार करायचा होता.

"आत्मा तोच, देह बदलतो." हे गीतेचं आहे, जुनी वस्त्रं टाकून नवी घालावीत तसं. बौद्ध मत याच्या थेट उलट आहे. साती नावाचा भिक्खू, कोळ्याचा मुलगा, सांगत सुटला होता की हेच विज्ञान, म्हणजे जाणीव, जन्मोजन्मी फिरतं आणि तेच भोगतं. बुद्धांनी त्याला बोलावून सगळ्यांदेखत खडसावलं, "मूर्खा, मी असं कुणाला शिकवलं?" विज्ञान कारणांनी उपजतं, कारणाविना नाही, हे त्यांचं म्हणणं.

मग पुनर्जन्म कुणाचा? ग्रीक राजा मिलिंदाने भिक्खू नागसेनांना हेच विचारलं. नागसेन म्हणाले, रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? नाही. मग वेगळे दिवे होते का? तेही नाही. तोही नाही आणि दुसराही नाही. मला हे उत्तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा पळवाट वाटलं होतं. पण ज्योतीकडे खरंच बघत बसलं की पटतं. तेल जळतंय, वात जळतेय, आणि 'तीच' म्हणून बोट ठेवावं असं काही हाती लागत नाही.

"बुद्धांनी देव तेवढा काढला." देव हा फरकच नव्हे. पूर्वमीमांसेला, म्हणजे यज्ञकर्माचा विचार करणाऱ्या दर्शनाला, कर्माचं फळ द्यायला ईश्वर लागत नाही, 'अपूर्व' म्हणजे कर्मातून उपजणारी अदृश्य शक्ती पुरते. सांख्यकारिकेतही ईश्वर नाही. उलट ब्रह्मसूत्रांत ईश्वर आहे, आणि जगातल्या विषमतेचा दोष त्याच्यावर येऊ नये म्हणून तो जीवांच्या कर्माला अनुसरून फळ देतो असं सांगावं लागतं. बुद्धांनी बदललं ते 'कर्म' या शब्दाचं पोट. यज्ञातली क्रिया म्हणजे कर्म, या जागी ते म्हणाले, "चेतनेला मी कर्म म्हणतो." चेतना म्हणजे इथे मनातला हेतू.

दुःखाच्या बाबतीत मात्र दोघं खूप जवळ येतात. विवेकी माणसाला सगळं दुःखच दिसतं, असं योगसूत्र म्हणतं, आणि लगेच पुढचं सूत्र आहे 'हेयं दुःखमनागतम्'. टाळायचं ते अजून न आलेलं दुःख. मागचं उकरायचं नाही. आणि शिक्षा म्हणून दुःख, हा अर्थ तर दोन्हीकडे अपुराच आहे. पुण्याने मिळालेला स्वर्गही संपतो, म्हणून तोही दुःखातच धरला आहे.

"भोग भोगूनच संपतात." गीता चौथ्या अध्यायात म्हणते, ज्ञानाचा अग्नी सगळी कर्मं भस्म करतो. सुटलेल्या बाणासारखं प्रारब्ध, म्हणजे फळ द्यायला लागलेलं कर्म, तेवढं भोगावं लागतं, असा शंकराचार्यांचा अपवाद आहे, पण 'सगळेच भोग' असं तेही म्हणत नाहीत. बुद्ध मिठाच्या खड्याचं उदाहरण देतात. पेल्यात टाकला तर पाणी तोंडात घेववत नाही, गंगेत टाकला तर कळतही नाही. जसं कर्म केलं तसंच्या तसं भोगावं लागतं असं धरलं, तर दुःखाचा अंत करण्याची संधीच उरत नाही, हे त्यांचं कारण.

राहिलं "मध्ये पडू नका". माझा खरा राग याच ओळीवर आहे. भागवतातला रंतिदेव अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपासानंतर हातातलं उरलेलं पाणी तहानलेल्या पुल्कसाला, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या माणसाला, देतो. मला मोक्षही नको, सगळ्या जिवांचं दुःख माझ्यात येवो म्हणजे ते दुःखमुक्त होतील, असं तो म्हणतो. तो तर मध्ये पडायलाच निघाला होता.

आणि विनयपिटकातला, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातला, तो प्रसंग. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला. बुद्ध विचारतात, काय होतंय? मग विचारतात, तुझी शुश्रूषा करणारं कुणी आहे का? तो म्हणतो, नाही. मी कुणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कुणी माझ्याकडे बघत नाही. बुद्ध आनंदांना पाणी आणायला सांगतात. बुद्ध पाणी ओततात, आनंद त्याला धुतात. बुद्ध डोक्याकडून आणि आनंद पायांकडून धरून त्याला उचलून मंचकावर ठेवतात. मग संघाला सांगतात, "तुम्हाला ना आई, ना बाप. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची करावी." मागच्या जन्मी काय केलं होतंस, हे त्याला कुणी विचारत नाही.

परवा हा प्रसंग मी बहिणीला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पाणी कुणी ओतलं म्हणालीस?"

"बुद्धांनी. स्वतः."

"परत वाच ना," ती म्हणाली. मी परत वाचलं.