"मानद विश्वस्ताला कसली जबाबदारी?" वाल्या मेसेजबद्दल

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय. "सात जण जमवा, संस्था काढा, विश्वस्ताचं पद मानद असतं म्हणून जबाबदारी शून्य, हिशोब सीए बघतो, ८०जी (देणगीवरची आयकर सवलत) मिळालं की टॅक्सची कटकट संपली." खाली पंचवीस अंगठे. मी कळव्यातल्या एका छोट्या संस्थेचा चार वर्षं खजिनदार होतो, म्हणून गप्प बसवत नाही.

मानद म्हणजे पगार नाही, बस एवढंच. १९५० च्या महाराष्ट्राच्या विश्वस्त कायद्यात पगारी आणि बिनपगारी असा फरक कुठेच नाही. हिशोब द्यायची वारंवार टाळाटाळ केली, पैसा इकडचा तिकडे केला, तर कलम ४१डी खाली धर्मादाय आयुक्त, म्हणजे अशा संस्थांवर देखरेख करणारे सरकारी अधिकारी, विश्वस्ताला निलंबित करतात, काढूनही टाकतात. तुमच्या घोर निष्काळजीपणाने संस्थेचं नुकसान झालं तर ते तुमच्या खिशातून भरून घ्यायची सोयसुद्धा कायद्यात आहे.

"सीए बघतो." सीए बघतो ते आपण ठेवलेलं असेल तर ना! ३१ मार्चला वर्ष संपतं, सहा महिन्यांत म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत ऑडिट व्हायला हवं. माझ्या पहिल्याच वर्षी पावतीपुस्तकातल्या ४१ ते ४३ नंबरच्या कार्बन कॉपीच गायब होत्या, ऑडिटरने बोट ठेवलं आणि मी नुसता चष्मा पुसत बसलो, कारण पुस्तक माझ्या ताब्यात, सही माझी, आणि त्या तीन पावत्या कुणी फाडल्या ते आजपर्यंत कळलं नाही.

आणि मेसेजमध्ये नसलेली गोष्ट म्हणजे चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसला, आमच्यासाठी ठाण्याच्या, कळवायचं असतं. आमचे अध्यक्ष वारले, सगळ्यांना वाटलं दुसरा कुणीतरी करेल, वर्ष गेलं. मग बँकेत नवीन सह्या द्यायला गेलो तर त्यांनी शेड्युल वन, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेला धर्मादाय नोंदवहीचा उतारा मागितला, त्यात अजून स्वर्गवासी अध्यक्षच! उशीर माफ करायचा अर्ज, सभेचा ठराव, आणि प्रोसिडिंग बुक उघडलं तर ती सभा पेन्सिलीने लिहिलेली, खाली सह्या तीन.

८०जी बद्दल तर कमालच आहे. ती सूट देणगीदाराला मिळते, संस्थेला नाही. संस्थेच्या उत्पन्नावरचा कर वाचवायला आयकराची नोंदणी वेगळी (१९६१ च्या कायद्यात १२एबी), त्यातही साधारण ८५ टक्के उत्पन्न उद्दिष्टावर खर्च करावं लागतं, नाहीतर राहिलेल्याचा हिशोब रीतसर दाखवा. २००० रुपयांच्या वर रोख घेतले तर देणगीदाराला काही सूट नाही, मग तो तुमच्यावरच चिडतो.

"संस्थेचा हॉल आपलाच" असंही एकाने खाली लिहिलंय. नाही हो. विकायचा असेल किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायचा असेल तर आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी, कर्ज घ्यायलाही तेच. रजिस्टर नसलेल्या मंडळाला गणपतीची वर्गणी काढायलासुद्धा कलम ४१सी खालची धर्मादायची परवानगी लागते, मग बाकीचं विचारूच नका.

ज्या काकांनी मेसेज टाकला ते स्वतः एका संस्थेचे विश्वस्त आहेत. काल लिफ्टमध्ये भेटले, मी विचारलं, काका तुमचा शेवटचा चेंज रिपोर्ट कधी गेला? म्हणाले, "ते सेक्रेटरीला माहीत." सेक्रेटरी २०१९ पासून पुण्याला राहतायत.