संडास तुंबला की ॲसिड ओता, म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात तो मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, माहेरच्या, मुलीच्या शाळेतल्या पालकांच्या आणि आमच्या व्यापाऱ्यांच्या. "प्लंबरला पाचशे रुपये कशाला? टॉयलेटच्या सगळ्या तक्रारींवर घरगुती उपाय." तुमच्याकडेही आला असेल, तरी थोडक्यात सांगते. संडास तुंबला तर ॲसिडची अख्खी बाटली ओता, अर्ध्या तासाने मूठभर ब्लीचिंग पावडर, वरून उकळतं पाणी. फ्लशची टाकी गळत असेल तर नवीच घ्या, दुरुस्ती टिकत नाही. पाणी वाचवायला टाकीत वीट ठेवा. वास येत असेल तर गच्चीवरच्या पाइपाचं तोंड बंद करा. 'फ्लशेबल', म्हणजे फ्लशमध्ये टाकायला चालतात, असं लिहिलेले वाइप्स (पुसायचे ओले कागद) बिनधास्त टाका. आणि एवढं करूनही नाहीच झालं, तर चेंबरमध्ये माणूस उतरवा, दोनशे रुपयांत काम होतं.

नवी मुंबईत, घणसोलीत आमचं सॅनिटरीचं, म्हणजे संडास-बाथरूमच्या सामानाचं दुकान आहे. अठरा वर्षं मी गल्ल्यावर बसते, नवरा फिटिंगची कामं घेतो. परवा आमच्या मागच्या गल्लीतल्या एक काकू आल्या, हातात मोबाइल उघडाच. "वहिनी, एक ॲसिड आणि पाव किलो ब्लीचिंग द्या. संडास तुंबलाय." सुटं ॲसिड आम्ही ठेवतच नाही. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने किरकोळ विक्रीवर निर्बंध आणले तेव्हापासून ते बंद केलं. पण दुसऱ्या कुठल्या दुकानात त्यांना ते मिळालंही असतं, म्हणून मी त्यांना स्टुलावर बसवून घेतलं.

मेसेजमधली सगळ्यात वाईट गोष्ट हीच जोडी आहे. टॉयलेटचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. ब्लीचिंग पावडर म्हणजे क्लोरीन धरून ठेवलेला चुना. दोन्ही एकत्र आले की तो क्लोरीन वायू होऊन सुटतो. 1915 साली, पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने खंदकांतल्या माणसांवर हाच वायू सोडला होता. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. आपली बाथरूमं केवढी? चार बाय सहा, वर एक झडपांची खिडकी. त्यात 'पाणी उतरलं का' म्हणून बाई भांड्यावर वाकते तेव्हा तिचं तोंड नेमकं त्या वायूत असतं. डोळे झोंबतात, खोकल्याची उबळ येते, फुप्फुसाला सूज येऊ शकते, आणि हा त्रास कधीकधी काही तासांनी वाढतो. आणि अर्ध्या तासाने टाकलं म्हणून धोका टळत नाही, तुंबलेल्या भांड्यात ॲसिड जाणार कुठे? ते तिथेच थांबलेलं असतं.

बाटलीतून मिळणाऱ्या तयार टॉयलेट क्लीनरमध्येही साधारण 10 टक्के हेच ॲसिड असतं, त्यामुळे 'आम्ही ॲसिड कुठे वापरतो' असं म्हणून त्यावर ब्लीचिंग टाकू नका. चुकून टाकलंच गेलं तर भांड्यावर वाकून आणखी काही ओतत बसायचं नाही. बाहेर यायचं, घराच्या खिडक्या उघडायच्या, पोरांना आणि म्हाताऱ्या माणसांना आधी लांब न्यायचं, आणि खोकला थांबत नसेल तर सरळ डॉक्टर.

बरं, एवढा जीव धोक्यात घालून तुंबलेलं निघतं का? नवऱ्याने स्प्रिंग, म्हणजे पाइपात फिरवत घालायची लांब लवचीक तार, घालून आजवर जे जे बाहेर काढलंय ते मी पाहिलंय. सॅनिटरी पॅड, डायपर, वाइप्स, फरशी पुसायचं फडकं, साबणाची वडी, टूथब्रश, प्लास्टिकचा हत्ती. यातलं काहीही या ॲसिडने विरघळत नाही. विरघळतो तो क्षार, म्हणजे बोअरिंगच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने भांड्यावर चढलेला पांढरा थर. नवी मुंबईला नळाने येणाऱ्या मोरबे धरणाच्या पाण्याने तो सहसा इतका चढतही नाही. भांड्याच्या चकाकीला ॲसिड लगेच काही करत नाही, हे मान्य. पण भांड्याभोवतीचं व्हाइट सिमेंट, टाइल्सच्या फटींतला माल, उंबऱ्याचा संगमरवर, नळांचं क्रोम आणि जुन्या सिडको इमारतींतले बिडाचे पाइप हे सगळं ते खातं. सांध्याचं सिमेंट गेलं की खालच्या घराच्या छताला ओल येते. मग वरच्या-खालच्यांची वर्षभर भांडणं, आणि भांडं उचलून बसवायचा खर्च वेगळा. उकळत्या पाण्याने थंड भांड्याला तडा जाऊ शकतो. अंघोळीइतकं गरम पाणी आणि भांडी घासायचा पातळ साबण चालेल, त्याने बुळबुळीतपणा येतो आणि अडकलेलं थोडं सरकतं.

मी काकूंना एकच प्रश्न विचारला. पाणी वर चढून येतंय, की फ्लशला जोरच नाही? त्या म्हणाल्या, "चढत नाही गं, पण दाबलं की सुळसुळ येतं, मळ तसाच राहतो." म्हटलं, घरी जा आणि अर्धी बादली पाणी कमरेइतक्या उंचीवरून एकदम भांड्यात ओता, मग मला फोन करा.

ही बादलीची चाचणी प्रत्येक घरात माहीत असायला हवी. बादलीचं पाणी घटाघट निघून गेलं तर लाइन मोकळी आहे, दोष टाकीत किंवा भांड्याच्या काठाखालच्या भोकांत आहे. पाणी वर येऊन हळूहळू उतरलं तर भांड्यातच काहीतरी अडकलंय. आणि फ्लश केल्यावर नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या जाळीतून, बुडबुडे येत असतील, किंवा तळमजल्यावरच्या घरात घाण वर येत असेल, तर दोष तुमच्या घरात नाहीच. सोसायटीची लाइन किंवा चेंबर भरलंय. पहिल्या प्रकारात भांड्यात ॲसिड ओतून काही उपयोग नाही, तिसऱ्यात तर त्याने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो. त्याबद्दल खाली लिहिलंय.

मधल्या प्रकाराला लाकडी दांड्याचा रबरी पंप लागतो. कमोडसाठी आतून बाहेर निघणारी रबरी नळी असलेला घ्या, सिंकचा सपाट वाटीसारखा पंप तिथे नीट बसत नाही. रबर बुडेल एवढं पाणी भांड्यात हवं. पहिला दाब हलका, आतली हवा निघून जाण्यापुरता. मग दाबायचं आणि जोर ओढण्यावर द्यायचा, कारण अडकलेलं पुढे ढकलण्यापेक्षा मागेपुढे हलवून सुटतं. पंधरा-वीस वेळा करून नाही झालं तर स्प्रिंग, आणि ती मात्र माहितगाराच्या हातची बरी.

काकूंचा फोन आला. बादली एका दमात गेली होती.

मी व्हिडिओ कॉल करून त्यांना टाकीचं झाकण काढायला सांगितलं. आत पाणी निम्म्याच्याही खाली, आणि मधोमध एक लाल वीट. पाणी वाचवायचा मागचा कुठला तरी मेसेज होता तो! फ्लोटचा, म्हणजे पाण्यावर तरंगून टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या फुग्याचा, दांडा त्या विटेच्या कोपऱ्यावर टेकून अडकला होता. फ्लोटला वाटत होतं टाकी भरली, म्हणून पाणी तिथेच बंद होत होतं. तळाशी विटेचा लाल गाळ बसलेला. वीट काढली, दांडा सुटा झाला, टाकी भरली, फ्लश पहिल्यासारखा. खर्च शून्य. आणि या बाई त्या भांड्यात ॲसिड ओतायला निघाल्या होत्या.

जुन्या दहा-बारा लिटरच्या टाकीत पाण्याने भरलेली बाटली ठेवली तर चालतं. पण आताच्या ड्युअल फ्लशच्या, म्हणजे लहान-मोठ्या दोन बटणांच्या, टाक्या 3 आणि 6 लिटरच्या असतात आणि भांडं तेवढ्याच पाण्याच्या हिशेबाने बनवलेलं असतं. त्यातून कमी केलं की दोनदा फ्लश करावं लागतं, मळ लाइनमध्ये अडतो, आणि पाणी वाचत नाहीच.

आता गळती. 'टाकीच बदला' हे वाक्य दुकानदार म्हणून माझ्या फायद्याचं आहे, तरी ते चुकीचं आहे. टाकी म्हणजे प्लास्टिकचा डबा, तो फुटल्याशिवाय गळत नाही. गळतो तो तळाचा वॉशर, नाहीतर पाणी वेळेवर बंद करत नाही तो फ्लोट वॉल्व. दोघांपैकी कोण, हे असं ओळखा. टाकीत नीळेचे चार थेंब टाका आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी आलं आणि टाकीतलं पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढलेलं असेल, तर पाणी वरून सांडतंय. फ्लोट खाली करा, पातळी त्या तोंडापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली आणा. पातळी खाली असूनही निळं आलं तर वॉशर. अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करून टाकीच्या आत पेन्सिलने खूण करा. अर्ध्या तासात पाणी खुणेखाली गेलं की खात्री झाली. कित्येकदा वॉशर खराबही नसतो, त्याच्याखाली गाळाचा कण बसलेला असतो. सोसायटीची गच्चीवरची टाकी धुतली की दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानात गर्दी होते ती याच कारणाने. वॉशर पुसून बसवा, नाही जमलं तर जुना सोबत घेऊन या, मापाचा मिळतो. आणि टाकी भरायला फार वेळ लागत असेल तर पाणी येणाऱ्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती जुन्या टूथब्रशने धुवा.

'थोडंच तर गळतंय' म्हणू नका. लिटरची बाटली पाच मिनिटांत भरेल एवढीच धार धरा. तासाला 12 लिटर, दिवसाला 288. शहरात माणशी 135 लिटर हे पाणीपुरवठ्याचं प्रमाण धरतात. म्हणजे दोन माणसांचं दिवसाचं पाणी कुणाच्या नजरेस न पडता गटारात जातं.

वासाचं उत्तर बहुतेक वेळा एक तांब्या पाणी असतं. ट्रॅपच्या वळणात साधारण 50 मिलिमीटर पाणी उभं असतं, तेच गटाराचा वास अडवतं. गणपतीला गावी जाऊन पंधरा दिवसांनी परतलं की ते आटलेलं असतं. जाण्याआधी पाणी ओतून वर चमचाभर गोडं तेल सोडा, सावकाश आटतं. पण गच्चीवरचा व्हेंट पाइप डासांच्या नावाखाली प्लास्टिक बांधून बंद केला तर लाइनमध्ये हवा येत नाही आणि कुणीतरी वर फ्लश केलं की खालच्यांच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं. वास उलट वाढतो. डासांसाठी त्या तोंडाला जाळी बांधायची, हवा अडवायची नाही.

वाइप्सबद्दल एवढंच. एका बादलीत टॉयलेट पेपर आणि दुसरीत वाइप टाकून ढवळून बघा. टॉयलेट पेपरचा लगदा होतो, वाइप तसाच निघतो. पॅड आणि डायपर गुंडाळून वेगळे द्यायचे, घनकचरा नियमांतही तेच आहे.

आणि ते दोनशे रुपये. सुरक्षेची साधनं न देता चेंबरमध्ये सफाईला माणूस उतरवणं हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, पण मला कायद्याच्या आधी ती माणसं दिसतात. 2019 च्या मे महिन्यात आपल्या ठाण्यात, ढोकाळीला, एका गृहसंकुलाच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरलेले तीन कामगार गेले. मैल्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. तो जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो, म्हणून आत गेलेल्याला धोका जाणवत नाही, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. तुम्ही चौथ्या मजल्यावर ओतलेलं ॲसिड वाहत त्याच चेंबरमध्ये येतं, आणि ॲसिड मैल्याला मिळालं की तो वायू आणखी सुटतो. म्हणजे हा मेसेज पहिल्या ओळीत विष ओतायला सांगतो आणि शेवटच्या ओळीत त्याच विषात माणूस पाठवायला.

चेंबर भरलं असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून महापालिकेची किंवा खाजगी सक्शनची गाडी मागवा, झाकण उघडल्यावर पोरांना लांब ठेवा, आणि कुणी 'मी बघतो उतरून' म्हणाला तर त्याचा हात धरा.